डीलरच्या आधी सल्लागार: संगणक-सॉफ्टवेअर खरेदीसाठी बाहेरचा माणूस कसा निवडावा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन युनिटने स्टॉक आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवलं, की टेबलावर साधारण असं चित्र असतं: एक साडेचार लाखांचं, दुसरं ११ लाखांचं, तिसरं १९. मालक स्वस्ताकडे बघतो, मुलगा महागाकडे, आणि अकाउंटंट म्हणतो आहे तेच बरं आहे. तिघांच्याही लक्षात येत नाही ते हे, की या तीन कागदांची तुलनाच होऊ शकत नाही. पहिल्याने वापरणारी माणसं ५ धरलीत, दुसऱ्याने १२. तिसऱ्याने सर्व्हर धरलाय, पहिला ‘सर्व्हर ग्राहकाचा’ असं तळाशी बारीक अक्षरात लिहून मोकळा झालाय. जुना डेटा नव्यात आणायचं काम तर एकाच्याही कागदात नाही.

बाहेरचा सल्लागार घ्यायचा तो हे तीन कागद एका मापात आणायला. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं एवढंच ऐकायचं असेल तर विकणारे ते फुकट सांगतात, आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

लागतो का, ते आधी बघा

इतवारीत एकच दुकान, एकच काउंटर आणि बिलाला एकच माणूस असेल, तर सल्लागाराच्या भानगडीत पडू नका. आपल्या सीएला विचारा, त्याला ज्यातून आकडे घ्यायला सोपं जातं ते हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या, एक प्रिंटर घ्या, काम सुरू करा. इथे सल्लागाराची फी खरेदीपेक्षा जड होईल.

कसोटी अशी: निर्णय चुकला तर महिन्याभरात गुंडाळता येतो का? येत असेल तर स्वतःच करा. पण दोन-तीन गोदामं आहेत, दुकानाचा आणि कारखान्याचा स्टॉक एकत्र दिसायला हवा, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षांची खाती अडकलीत, सात-आठ माणसं एकाच वेळी काम करणार आहेत, अशी परिस्थिती असेल तर चूक वर्षभर निस्तरावी लागते. डेटा एकदा नव्या ठिकाणी गेला आणि त्यावर रोजची बिलं निघू लागली, की मागे फिरणं फार महाग पडतं.

एक पानाचा कागद, तोही स्वतः लिहिलेला

सल्लागार शोधायच्या आधी हा कागद तयार हवा. त्यात उपाय लिहायचा नाही, अडचण लिहायची. ‘ईआरपी (सगळा धंदा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) पाहिजे’ हा उपाय झाला. ‘महिना संपून दहा दिवस झाले तरी वाडीच्या गोदामातला स्टॉक दुकानाच्या स्टॉकशी जुळत नाही’ ही अडचण झाली. पहिलं वाक्य वाचून कोणीही काहीही विकू शकतो, दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

अडचणींखाली आकडे हवेत. महिन्याला बिलं किती, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला किती, वेगवेगळ्या वस्तू किती, एकाच वेळी बसणारी माणसं किती, जागा किती आणि त्या किती अंतरावर, सध्या काय वापरता, त्यातलं काय सोडायचं नाही. ‘भरपूर’, ‘बऱ्यापैकी’ असे शब्द दिसले तर खोडा आणि आकडा लिहा.

आणि आपल्या धंद्याची खोड लिहा. प्रत्येक धंद्यात एक-दोन गोष्टी अशा असतात की तयार सॉफ्टवेअर तिथेच अडतं. गांधीबागेतल्या ठोक कापडवाल्याचं उदाहरण घ्या. थान २० मीटरचं म्हणून येतं, मोजल्यावर १९.४० भरतं. त्यातून ६.५० एकाला जातं, ११.६० दुसऱ्याला, उरलेला १.३० मीटरचा तुकडा कमी भावात काढावा लागतो. म्हणजे एकाच वस्तूची आवक थानात, विक्री मीटरमध्ये, ६० सेंटिमीटरची तूट पुरवठादाराच्या नावावर, आणि शेवटच्या तुकड्याला वेगळा दर. कळमन्यात धान्याच्या अडतीचं असंच: माल पोत्यांत मोजायचा, भाव क्विंटलचा, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरून यायचं, आणि पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीत, हमाली, तोलाई, अडत वेगवेगळी दाखवायची. या ओळी कागदावर नसतील तर डेमोत त्या कोणी दाखवणार नाही, आणि पैसे भरून झाल्यावर कळेल की प्रत्येक ओळीचं ‘कस्टमायझेशन’ वेगळं आकारलं जातं.

माणूस शोधायचा कुठे

पहिला फोन सीएला जातो, आणि तो जावाही. फक्त एक विचारून घ्या: तुमच्या ऑफिसची किंवा घरातल्या कोणाची सॉफ्टवेअरची एजन्सी आहे का? असण्यात गैर काही नाही, पण मग ते डीलर म्हणून बोलतायत हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

दुसरा रस्ता संघटनांचा. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, हिंगण्याची एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, व्यापाऱ्यांसाठी नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स. त्यांच्याकडे यादी मागण्यापेक्षा सभासदांशी बोला. कोणी काय बसवलं आणि कोणाला पस्तावा झाला हे चहाच्या टेबलावर कळतं.

तिसरा रस्ता लोक वापरत नाहीत, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. आपल्याच लाइनचा पण दुसऱ्या गावचा व्यापारी गाठा: अकोला, अमरावती, रायपूर. शेजारच्या गाळ्यातला माणूस तुमचा स्पर्धक आहे. तो खरं सांगेलच असं नाही, आणि आपलं फसलेलं कोणी शेजाऱ्याला सांगत नाही. रायपूरवाला मात्र तासभर बोलतो.

पुण्या-मुंबईचा सल्लागार घ्यावा का, हा प्रश्न येतोच. कागदावरचं काम, म्हणजे गरजा लिहिणं, कोटेशन तपासणं, करार वाचणं, लांबून नीट होतं. पण गोदामाचा कोपरा, वायरिंग, काउंटरवरची गर्दी बघायला माणूस इथे यायला हवा. बाहेरचा असेल तर किती फेऱ्या फीमध्ये आहेत आणि विमान-हॉटेल कोणाच्या खिशातून, ते आधीच लिहून घ्या.

तीन-चार नावं जमली की पुरे. दहा नावांमधून निवडायला जो वेळ जातो त्यात कंटाळून माणूस शेवटी ओळखीच्यालाच काम देतो.

पैसा कुठून येतो

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक घोळ इथलेच असतात.

‘सल्ला फुकट आहे, भाऊ’ म्हणणारा माणूस उपाशी राहत नाही. त्याचे पैसे विकणाऱ्याकडून येतात. कधी उघड डीलर म्हणून, कधी ‘रेफरल’ म्हणून, कधी वर्षाच्या शेवटी टार्गेटवर, कधी दर वर्षीच्या नूतनीकरणातला हिस्सा म्हणून. आकडा घालून बघा. समजा २० लाखांच्या खरेदीवर त्याला १० टक्के मिळतात: २ लाख. तुमचं काम १२ लाखांत भागतं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्याला १ लाख २० हजार मिळतील. म्हणजे खरं बोलल्याचा त्याला ८० हजारांचा दंड बसतो. माणूस चांगला असू शकतो, पण दर वेळी दंड भरून खरं बोलावं अशी अपेक्षा कोणाकडूनही करू नये.

खरेदीच्या रकमेवर टक्केवारीने फी मागणारा सल्लागार याच जाळ्यात असतो, फक्त पैसे देणारे तुम्ही असता. ‘जेवढी बचत करून देईन त्याचे टक्के द्या’ हे ऐकायला गोड लागतं, पण त्यात पहिलं कोटेशन फुगवून आणलं जातं आणि मग ‘बचत’ होते. शिवाय पहिल्या वर्षाची किंमत पाडून पुढच्या चार वर्षांची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, चढवली तरी कागदावर बचतच दिसते. कामाच्या टप्प्यांवर बांधलेली ठरावीक फी, किंवा दिवसाचा दर आणि जास्तीत जास्त दिवसांची मर्यादा, हे दोनच प्रकार स्वीकारा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते: डील रजिस्ट्रेशन. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर, लॅपटॉप, फायरवॉल आणि बरीच सॉफ्टवेअर घेताना जो डीलर तुमच्या फर्मचं नाव कंपनीकडे आधी नोंदवतो, त्याला खास दर मिळतो. नंतर आलेल्या डीलरला त्याच मालावर तो दर मिळत नाही. सल्लागाराने मर्जीतल्या डीलरला आठवडाभर आधी फोनवर नाव सांगितलं, की बाकी दोघांची कोटेशनं आपोआप महाग येतात आणि ‘सगळ्यात स्वस्त’ तोच ठरतो. कागदोपत्री सगळं स्वच्छ. म्हणून नियम करा: गरजांचा कागद पक्का होईपर्यंत कोणत्याही डीलरला नाव जाणार नाही, आणि नंतर सगळ्यांना एकाच दिवशी, तुमच्या ऑफिसच्या ईमेलवरून जाईल.

हे सगळं पहिल्या भेटीतच लेखी मागा. मजकूर असा पुरतो: ‘या कामात मी सुचवलेल्या कोणत्याही विक्रेत्याकडून मला, माझ्या फर्मला किंवा कुटुंबातील व्यक्तीला कमिशन, भेट, हिस्सा किंवा पुढील काम मिळालेले नाही व मिळणार नाही. गेल्या २४ महिन्यांत ज्या विक्रेत्यांशी माझा आर्थिक व्यवहार झाला त्यांची यादी सोबत जोडली आहे. यात चूक आढळल्यास घेतलेली पूर्ण फी परत करीन.’ यादी कोरी नसली तरी हरकत नाही. या क्षेत्रात वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कोणाशीच व्यवहार नाहीत हे उलट संशयास्पद. सही करायला जो ‘एवढा विश्वास नाही का’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

पहिली भेट आणि एका दिवसाचं काम

चांगला सल्लागार पहिल्या तासात कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. तो गेल्या महिन्याची बिलं मागतो, गोदाम बघायला चला म्हणतो, आणि मालकाला सोडून बिल बनवणाऱ्या मुलीशी बोलतो. ती कोणती वही बाजूला ठेवून लिहिते हे बघणं महत्त्वाचं. प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरशेजारी एक वही असते, आणि सॉफ्टवेअरला जे जमत नाही ते सगळं त्या वहीत असतं. लॅपटॉप उघडून पाचव्या मिनिटाला डेमो सुरू करणारा विक्रेता आहे, त्याच्या कार्डावर काहीही छापलेलं असो.

माहिती किती ताजी आहे ते तपासायला दोन-तीन प्रश्न पुरतात. ‘आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, ऑडिट ट्रेलचं काय?’ कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, हे त्याला न अडखळता सांगता आलं पाहिजे. ‘उलाढाल साडेचार कोटी आहे, ई-इन्व्हॉइसची तयारी आत्ता ठेवावी का?’ बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला आहे. नीट विचार करणारा माणूस म्हणेल की पुढच्या वर्षी ओलांडाल, तेव्हा आत्ता घेताय त्यातच ती सोय बघा. ‘जुन्या विंडोज १० च्या मशीन चालतील का?’ मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. यावर जो सरसकट ‘सगळ्या बदला’ म्हणतो आणि जो ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणतो, दोघांनीही मशीन न बघताच उत्तर दिलं.

जुन्या ग्राहकांचे नंबर मागा, तीन तरी. त्यातला एक असा हवा जिथे काम अर्ध्यात थांबलं, आणि एक असा जिथे सल्लागाराने ‘आत्ता काही घेऊ नका’ सांगितलं. दुसऱ्या प्रकारचा ग्राहक ज्याच्याकडे एकही नाही, त्याचा धंदा खरेदी घडवण्याचा आहे. ग्राहकाला ‘चांगला आहे का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: ठरलं होतं किती आणि शेवटी लागले किती? जुना डेटा कोणी आणला, शिल्लक जुळली का? घेतलेल्यातलं आज काय वापरात नाही? भांडण झालं तेव्हा हा कोणाच्या बाजूने उभा राहिला?

उरलेल्या दोघांना एकेका दिवसाचं पैसे देऊन काम द्या. जागा बघा, माणसांशी बोला, दोन-तीन पानांची टिपण द्या. फुकट करून घेऊ नका, फुकटात मिळतो तो छापील नमुना. टिपण आली की तुमच्या एक पानाच्या कागदाशेजारी ठेवून वाचा. तुम्ही न लिहिलेलं काही त्याने पाहिलंय का? तुटीच्या ६० सेंटिमीटरचा उल्लेख आहे का? की फर्मचं नाव बदलून कोणालाही देता येईल असं सगळं आहे? निवड बहुधा इथेच होऊन जाते.

कामाचं पत्र

लांबलचक कराराची गरज नाही, पण दोन पानांचं पत्र हवंच. त्यात तो काय हातात देणार ते वस्तूंसारखं मोजून लिहा: गरजपत्रक, तीन ते चार विक्रेत्यांची यादी कारणांसह, सगळ्यांसाठी एकच कोटेशन तक्ता, डेमोची परीक्षा, ५ वर्षांच्या खर्चाचा हिशेब, विक्रेत्याच्या करारावर लेखी शेरे, आणि काम पूर्ण झाल्याची तपासणी. ‘मार्गदर्शन करणे’ असं एक कलम असेल तर ते काहीच नाही.

फी टप्प्यांत द्या. गरजपत्रकावर २५ टक्के, तुलना आणि शिफारशीवर ३०, विक्रेत्याशी करार झाल्यावर २०, आणि उरलेले २५ सॉफ्टवेअर सुरू होऊन एक पूर्ण महिनाअखेर नीट पार पडल्यावर. शिफारस देऊन गायब होणाऱ्यांना हा शेवटचा चतुर्थांश धरून ठेवतो. खरेदी न करण्याचा निर्णय झाला तरी पहिले दोन टप्पे मिळतील हेही लिहा, नाहीतर शेवटच्या पैशासाठी तो खरेदीकडे ढकलत राहील.

कराचं थोडक्यात: तो जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्के लागतात. तुमच्यावर टीडीएसची जबाबदारी असेल आणि वर्षातली फी ५० हजारांच्या वर जात असेल तर कपात करावी लागते, व्यावसायिक सेवेला १० टक्के, तांत्रिक सेवेला २. कोणती लागू ते सीए ठरवेल, सल्लागाराच्या सांगण्यावर जाऊ नका. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवर. त्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे गेले पाहिजेत. उशीर झाला आणि मार्चअखेरपर्यंत दिले नाहीत, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. ‘पुढच्या मंगळवारी या’ ही आपल्याकडची पद्धत इथे अंगाशी येते.

पासवर्डबद्दल कडक राहा. जीएसटी पोर्टलचा, बँकेचा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड सल्लागाराला द्यायचा नाही, त्याला फक्त बघता येईल असं वेगळं लॉगिन बनवा. नमुन्यासाठी डेटा दिला तर ग्राहकांची नावं आणि मोबाइल नंबर काढून द्या. डोमेन, ईमेल, क्लाउडचं (इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या जागेचं) खातं, सॉफ्टवेअरचं लायसन्स, सगळं फर्मच्या नावाने आणि फर्मच्या मोबाइल नंबरवर. ‘मी माझ्या नावाने घेऊन ठेवतो, नंतर बदलू’ यातलं नंतर कधी येत नाही. दोन वर्षांनी वाद झाला की कळतं, आपल्या वेबसाइटचा मालक दुसराच आहे.

कोणी तुमच्यासाठी खास सॉफ्टवेअर लिहून देणार असेल तर कोडची मालकी लेखी हवी. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क दुसऱ्याकडे जायला सहीचा लेख लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. पूर्ण बिल भरलं म्हणजे कोड आपला झाला असं नाही. सल्लागाराने विक्रेत्याच्या करारात ही ओळ शोधली का, यावरून त्याने करार वाचला का ते कळतं.

त्याच्याकडून काम करून घेताना

तुलनेचा तक्ता एकच असतो आणि विक्रेत्यांनी तो भरायचा असतो. त्यांच्या नमुन्यातलं कोटेशन घेऊ नका. रकाने हे: लायसन्स, वापरणारे किती, बसवणी, जुना डेटा आणणं, प्रशिक्षणाचे दिवस, बदलांचा दिवसाचा दर, पहिल्या वर्षानंतरची एएमसी आणि ती दर वर्षी जास्तीत जास्त किती वाढेल, लागणारं हार्डवेअर, आणि सोडून जाताना डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल. कोरा रकाना म्हणजे ‘नंतर सांगू’, आणि नंतर सांगू म्हणजे वेगळं बिल.

मग ५ वर्षांची बेरीज. समजा १० माणसांसाठी दोन पर्याय आहेत. पहिल्यात कायमचं लायसन्स ६ लाख, बसवणी २ लाख, सर्व्हर-यूपीएस अडीच लाख, दुसऱ्या वर्षापासून १८ टक्के एएमसी म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. दुसरा क्लाउडवर: भाडं माणशी महिना १,५००, बसवणी अडीच लाख, आणि इंटरनेटची दुसरी लाइन महिना १,५००. जीएसटी दोन्हीकडे बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी पहिला साडेदहा लाखांना पडतो, दुसरा ४ लाख ४८ हजारांना, आणि मालक सही करायला निघतो. पाच वर्षांनी पहिला १४ लाख ८२ हजार, दुसरा १२ लाख ४० हजार. पण क्लाउडवाल्याने भाडं दर वर्षी १० टक्के वाढवलं तर तो १४ लाख ३९ हजारांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. माणसं १० ची १५ झाली आणि पहिल्यात जादा लायसन्स लागलं नाही, तर पारडं उलटं. वाढीची मर्यादा करारात आहे का, हा एकच प्रश्न इथे लाखांचा आहे, आणि तो विचारणं हे सल्लागाराचं काम.

डेमो तुमच्या डेटावर, सल्लागाराने लिहून दिलेल्या क्रमाने. कापडवाल्याच्या डेमोत विक्रेत्याला सांगायचं: २० मीटरचं थान आत घ्या, १९.४० भरलंय, तुटीची डेबिट नोट काढा. ६.५० आणि ११.६० विका. उरलेल्या तुकड्याला वेगळा दर लावा. पंधरा दिवसांनी ६.५० पैकी २ मीटर परत आलेत, क्रेडिट नोट दाखवा, स्टॉक किती झाला ते दाखवा. आता कालच्या बिलात दर बदला आणि कोणी कधी बदलला ते कुठे दिसतं दाखवा. बिल अर्धं असताना इंटरनेटची वायर काढा. शेवटी सगळी खाती एक्सेलमध्ये बाहेर काढून द्या. ‘हे पुढच्या व्हर्जनमध्ये येणार आहे’ असं उत्तर आलं तर तक्त्यात ‘नाही’ असं लिहायचं. बिल बनवणारी मुलगी या डेमोला हजर हवी. तिला जे जड जातं ते दुकानात चालणार नाही, मालकाला कितीही आवडलं तरी.

हार्डवेअरमध्ये नागपूरचा उन्हाळा धरायचा असतो, आणि बाहेरगावच्या तयार यादीत तो नसतो. यूपीएसच्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेली, चार वर्षं टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. मग डीलरला शिव्या पडतात, दोष जागेचा असतो. कूलरच्या हवेत सर्व्हर ठेवणं त्याहून वाईट, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात. डाळ मिलमध्ये पंखा नसलेली, बंद बॉडीची मशीन घ्यायला लागते. सल्लागाराच्या अहवालात सर्व्हर कुठे ठेवायचा, तिथला एसी रात्री चालू राहणार का आणि वीज गेल्यावर किती मिनिटं चालवायचं, याचा एक परिच्छेद नसेल तर तो जागेवर आलाच नव्हता असं धरा. इंटरनेटच्या दोन लाइन घेताना दोन कंपन्या पुरत नाहीत, दोन वाटा लागतात. एकाच खांबावरून आलेल्या दोन्ही केबल रस्ता खोदताना एकदमच तुटतात.

काम बिघडतंय हे कसं ओळखावं

तीन विक्रेत्यांपैकी दोन अगदीच कच्चे आणले असतील तर निकाल आधी लागलेला आहे. गरजपत्रकात एखाद्या ब्रँडच्या माहितीपत्रकातली वाक्यं जशीच्या तशी असतील तर तेच. ‘ऑफर ३१ मार्चपर्यंतच आहे’ हे वाक्य विक्रेत्याने म्हणणं समजू शकतो, सल्लागाराने म्हणू नये. विक्रेत्याबरोबरची बैठक तुमच्याशिवाय झाली, टिपण मिळाली नाही, तर त्याच दिवशी विचारा. उत्तर पटलं नाही तर पत्रात लिहिलेली १५ दिवसांची नोटीस द्या, झालेल्या टप्प्याचे पैसे चुकते करा, आणि तोवरचे सगळे कागद, तक्ते आणि फाइली मागून घ्या. हे कागद तुमचे आहेत ही ओळ कामाच्या पत्रात असेल तर मागताना आवाज चढवावा लागत नाही.

नवं सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर जुनं लगेच बंद करू नका. एक पूर्ण महिना दोन्ही चालवा. माणसं कुरकुरतील, दुप्पट काम आहे म्हणतील, आणि ते खरंही आहे. महिनाअखेरीला स्टॉक, येणी, देणी आणि जीएसटीचे आकडे दोन्हीकडून काढून सल्लागारासमोर ठेवा. फरक निघाला तर तो कुठून आला ते त्याने विक्रेत्याकडून शोधून घ्यायचं, आणि तोवर शेवटचे २५ टक्के तुमच्याकडे. ते देताना त्याच्याकडून आणखी एक पान घ्या: एएमसी, डोमेन, लायसन्स, अँटीव्हायरस, यूपीएसची वॉरंटी, प्रत्येकाची संपण्याची तारीख, आणि त्याची सूचना कोणत्या मोबाइलवर येते. हे पान अकाउंटंटच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवा.